हंबरणारी गाडी

कुर्किनेवा गावात माणसं मुळातच कमी बोलतात. तिथे गाडीने मागच्या बाजूने आवाज काढणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. म्हणूनच काउको रिन्तामाकीकडे आजूबाजूच्या गावांतून लोक आपापले डिफरन्शियल घेऊन यायचे. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा असतो ना, तोच. त्याच्या पोटात एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. दुसरं मोठं, ते क्राउन. इंजिनाची फिरकी या दोघांच्या दातांतून मागच्या चाकांना मिळते. आता हे दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात, यावर सगळा खेळ. मधोमध टेकले तर गाडी गुपचूप चालते. केसभर इकडेतिकडे झालं की ती रडायला लागते, आणि रडता रडता एक दिवस स्वतःचे दात खाऊन मोकळी होते.

काउकोच्या हातची गाडी रडत नसे. तो दातांना पिवळं मलम फासायचा, हाताने चाक फिरवायचा आणि मलम कुठे पुसलं गेलं तो ठसा डोळे बारीक करून बघायचा. ठसा कडेला गेलेला दिसला की सगळं पुन्हा उघड, पिनियनमागची कागदासारखी पातळ चकती, म्हणजे शिम, बदल, पुन्हा बसव, पुन्हा फास, पुन्हा फिरव. मध्येच कुणी विचारलं, "झालं का रे?" तर म्हणायचा, "बघू." हे 'बघू' तो नोव्हेंबरात म्हणायचा आणि गाडी मिळायची ईस्टरला. पण मिळायची ती अशी, की मालक पुढे दोन दिवस खिडकी उघडी ठेवून चालवायचा आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून खूश व्हायचा.

आता एवढा हातगुण असलेल्या माणसाला देवाने सुखाने जगू द्यावं की नाही? नाही! कारण त्याची बायको हिल्का शर्यतीत गाडी चालवायची. हिल्का गावची पोस्टवाली. पिवळ्या गाडीत पत्रं घालून वर्षानुवर्षं खडीच्या रस्त्यांवरून अशी सुसाट जायची, की कोंबड्यांनीसुद्धा तिच्या वेळा पाठ केल्या होत्या. उन्हाळ्यात रविवारी, खडीच्या जुन्या खाणीत 'हरेकाची शर्यत' भरायची. तिथे हिल्का जुनी मोडकी गाडी घेऊन उतरायची आणि पोरासोरांना धूळ चारायची.

ठीक. पण त्या शर्यतीचा एक नियम आहे. शर्यत संपली की अर्धा तास गाड्यांच्या विक्रीची खिडकी उघडी असते. ज्याच्याकडे शर्यतीचं लायसन्स आहे, त्याने तिथे जाऊन ठरलेली किंमत ठेवायची आणि म्हणायचं, मला ती गाडी हवी. द्यावीच लागते. दोघांना हवी असेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. नाही म्हणालात तर लायसन्स गेलं. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. कुण्या पैसेवाल्याने गाडीत पैसा ओतू नये, ओतलाच तर संध्याकाळी ती गाडी शेजाऱ्याने न्यावी. पण नियम करणाऱ्याला काउको कुठे ठाऊक होता? तो पैसा ओततच नव्हता. तो अख्खा हिवाळा ओतत होता.

चार उन्हाळ्यांत चार गाड्या गेल्या. एक समुद्रकाठच्या गावाला गेली. एक शाळामास्तराने नेली. एक अशा दिवट्याकडे गेली, ज्याने पहिल्याच वळणावर ती झाडाला नेऊन चिकटवली. चौथी नेली शेजारच्या सुलोने. सुलोचा खडीचा धंदा, तोंडही खडीच्या ट्रकसारखं एकदा उघडलं की रिकामं होईपर्यंत बंद न होणारं. वर हा बाबा रोज त्या गाडीतून काउकोच्या दारावरून जायचा आणि काच खाली करून ओरडायचा, "ऐकलंस? काहीच नाही!"

चौथी गेली त्या संध्याकाळी हिल्काने टेबलावर हेल्मेट ठेवलं.

"पुढची पाचवी," ती म्हणाली. "ती पण गेली ना, तर मी सहावीत बसणार नाही. बस्स झालं. रविवारी चर्चच्या गायनमंडळात जाईन."

हिल्काचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल ही धमकी केवढी मोठी होती. पण काउको घाबरला तो गाण्यामुळे नव्हे. उन्हाळ्यातले ते रविवार हेच त्या दोघांचं बोलणं होतं. एरवी घरात 'मीठ दे' आणि 'लाकडं संपली' यावर आठवडा निघायचा. खाणीत मात्र हिल्का त्याला एकेक वळण सांगायची, हात हलवून, गाल लाल करून, आणि तो ऐकायचा. ते गेलं तर म्हातारपणात दोघांनी काय एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं?

म्हणून त्या हिवाळ्यात काउकोने पाचवी गाडी हातात घेतली ती जीव ओतूनच. तपकिरी रंग, बॉनेटवर पांढरा ठिपका. हिल्काच्या आजोळी अशीच एक गाय होती, तिचंच नाव हिला दिलं. मान्सिक्की.

मार्चमध्ये मलम संपलं. दुकान शहरात, रस्त्यावर हातभर बर्फ, आणि ठसा तर आता जमत आलेला. अशा वेळी माणूस काय करतो? घरात जातो आणि आरशाखालच्या खणातून बायकोची लाल लिपस्टिक उचलतो. तेलात कालवली, दातांना फासली, अहाहा, काय सुरेख बसली! संध्याकाळी नाचाला जायचं होतं. हिल्का लिपस्टिक शोधत शोधत गॅरेजात आली. क्राउनच्या दातांवर ओठांसारखे लाल ठसे, एकामागोमाग एक, सगळे अगदी मधोमध.

"माझी ना ही?"

"होती."

हिल्का वाकली. चष्मा वर सरकवून तिने एकेक दात नीट पाहिला. "इतका नेमका मुका मला कधी दिला नाहीस तू."

"तुला शिम लावता येत नाही," काउको म्हणाला.

आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं होतं, हे त्याला कळत होतं. आणि म्हणूनच त्याची झोप उडाली. असली गाडी खाणीत एक फेरी फिरली की खिडकीवर झुंबड उडणार!

"बिघडव की थोडी," गुरुवारी वाटाण्याचं सूप वाढता वाढता हिल्का म्हणाली.

"काय?"

"ठसा. सरकव थोडासा. रडू दे तिला. रडणारी गाडी कोण मरायला विकत घेईल?"

बोलणं रास्त होतं. काउको उठला, गॅरेजात गेला, एक शिम काढली, जाड घातली, झाकण लावलं आणि परत येऊन सुपाला बसला. एक चमचा घेतला. दुसरा तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तो पुन्हा उठला. सूप निवायच्या आत जुनी शिम जागेवर होती.

"नाही जमत," तो म्हणाला. "ती रडेल ते चालेल गं. पण ती माझ्या हातची रडेल."

"मग गेलीच म्हणायची," हिल्का म्हणाली आणि त्याचं उरलेलं सूप स्वतःच संपवलं.

वाट सापडली ती तळ्यावर. एप्रिलमधला शेवटचा बर्फ होता, काउको बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून बसला होता, शेजारी कॉफीचा स्टीलचा फ्लास्क, बूच काढून ठेवलेला. वारा सुटला. मागून आवाज आला, हूऽऽऽऽ. काउको दचकून वळला. त्याला वाटलं, कुणीतरी बर्फावरून खराब डिफरन्शियल घेऊन येतंय. वारा वाढला तसा सूर चढला, वारा पडला तसा उतरला. हुबेहूब! पिनियन जास्त आत बसवलं की गाडी अशीच रडते, वेगाबरोबर चढत जाणारं ते रडगाणं. काउकोने फ्लास्ककडे पाहिलं. त्याच्या गळाला मासा लागला होता, तो त्याने तसाच सोडून दिला आणि घरी पळाला.

"हिल्का! कॉफी नाही न्यायची आपण शर्यतीला!"

हिल्काने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

*

जूनमधला रविवार. खाणीत सॉसेजचा धूर, सकाळची गाड्यांची तपासणी आटोपलेली. नियमांच्या पुस्तकात कॉफीच्या फ्लास्कबद्दल चकार शब्द नव्हता, हे हिल्काने दोनदा वाचून खात्री केली होती. तपासणीवाले पुढे सरकताच काउको पाठीवर झोपून मान्सिक्कीखाली शिरला आणि मागच्या भोपळ्याच्या वर, वारा आडवा लागेल असा, तो फ्लास्क पाइपाच्या क्लिपेने आवळून टाकला.

बाहेर आला तर समोर सुलो उभा. हातात स्वतःचा वाफाळता कप.

"कॉफी?"

"नाही आणली," काउको म्हणाला.

सुलोचं तोंड उघडं राहिलं. "नाही आणली? कॉफी?" त्याने आवाज खाली आणला. "घरी सगळं ठीक आहे ना रे? हिल्का बरी आहे ना?"

"बरी आहे."

"डॉक्टरने बंद केली का तुझी? मला सांग, मी कुणाला बोलणार नाही." सुलो कुणाला बोलणार नाही! संपूर्ण खाणीला पाच मिनिटांत कळलं, की काउकोच्या हृदयात काहीतरी निघालंय.

पहिल्या फेरीला हिल्का सुटली. दुसऱ्या गिअरपर्यंत काही नाही. तिसऱ्यात मान्सिक्कीने तोंड उघडलं. हूऽऽऽऽऽ! वळणावर उतरला सूर, सरळ रस्त्यावर असा चढला की सॉसेज भाजणाऱ्या बायकांनी चिमटे खाली ठेवले. कठड्यावर बसलेले सगळे कान एकदम त्या दिशेला वळले. ही सगळी माणसं आयुष्यभर गाड्यांखाली झोपलेली. इंजिन कितीही बोंबलो, त्यांना मागचा सूर वेगळा ऐकू येतो.

"पिनियन आत गेलंय," एक म्हणाला.

"छे! बाहेर आलंय."

"ॲक्सिलरेटर सोडला तरी हंबरतेय बघ. म्हणजे आतही गेलंय आणि बाहेरही आलंय."

"असं कसं होईल?"

"होतंय ना पण! कान नाहीत का तुला?"

दोघं जवळजवळ हातघाईवर आले. हिल्का पहिली आली, हंबरत हंबरत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आदराने गप्प होते, जसे कुणाच्या घरी वाईट बातमी आल्यावर असतात.

काउको मनातून हरखला होता. जमलं की! पण हा हरिख फार टिकला नाही. तो उभा होता तिथे लोक येऊ लागले. इकडे कुणी सहसा स्वतःहून बोलायला येत नाही, आणि आज रांगेने येत होते. एकाने नुसताच खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्याने टोपी फिरवत फिरवत विषय काढला. "काउको, तो माझा ॲक्सल तुझ्याकडे आहे ना. तुला तब्येतीचा त्रास, उगीच कशाला. घाई नाही हं. उद्या सकाळी नेतो."

"सकाळी?"

"किंवा आज जाताना."

मग सुलो आला, मोठा सुस्कारा टाकून. "वय होतं रे सगळ्यांचं. माझ्या काकाचं पण असंच झालं. हात थरथरायला लागले, मग शिम दिसेना..."

"माझे हात थरथरत नाहीत."

"नाही, नाही. कोण म्हणतंय?" असं म्हणून सुलोने हळूच त्याच्या हातांकडे पाहिलं. आणि झालं काय, रागाने ते खरंच थरथरत होते.

तेवढ्यात वारा सुटला. खाण म्हणजे वाऱ्याचं भांडंच. मान्सिक्की गवतावर उभी, इंजिन बंद, आत कुणी नाही, आणि ती सुरू झाली. हूऽऽऽऽ.

सगळे थांबले. सुलोच्या हातातला कप हिंदकळला.

"उभी आहे ती!" सुलो म्हणाला. "काउको, ती उभी आहे!"

"निवतेय," काउको म्हणाला.

"निवताना हंबरते?"

"फार तापलं तर हंबरतं."

यावर दहा जाणत्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एकाने तर सांगितलं की त्याने हे एकदा उत्तरेकडे ऐकलं होतं, एका लाकूडगाडीत. काउकोला हसावं की रडावं कळेना. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम त्या भोपळ्यात बंद होतं, आणि त्याच्या शेजारी उभं राहून तो स्वतःच त्याची नालस्ती करत होता.

शेवटच्या फेरीत हिल्काने कमाल केली. शेवटच्या वळणावर बाहेरच्या बाजूने तिघांना घेतलं, खडीचा पाऊस पाडला आणि हंबरडा फोडत पहिली आली. बक्षीस म्हणून कॉफीची मोठी पिशवी मिळाली. ती घेऊन ती धावतच आली. चेहरा धुळीने माखलेला, फक्त दात पांढरे.

"कुणी आलं खिडकीवर?"

"कुणी नाही."

खिडकीत क्लबची मार्केट्टा बसली होती. तिच्यासमोर एकही माणूस नव्हता. कंटाळून ती विणकाम करत होती. शेजारच्या दहाव्या नंबरच्या गाडीला, जिला दार नव्हतं, तिलासुद्धा दोन गिऱ्हाइकं येऊन गेली होती.

"आणखी थोडा वेळ," हिल्का कुजबुजली. तिने त्याचा हात दाबला. चारचौघांत! "मग ती आपली. मी सूप घेऊन येते, तू इथून हलू नकोस. आणि तोंड उघडू नकोस."

तोंड उघडू नको हे सांगायची गरज काउकोला जन्मात पडली नव्हती. तो उभा राहिला. हललाही नाही. आणि तेव्हाच विल्यो आला.

विल्यो म्हणजे काउकोचा गुरू. पंचाऐंशीचा म्हातारा. डोळ्यांनी आता उजेड आणि सावली एवढंच दिसायचं, पण कान असे की अंगणात बसून रस्त्यावरच्या गाडीचं कोणतं बेअरिंग जातंय ते सांगायचा. चौदाव्या वर्षी काउको त्याच्या गॅरेजात झाडू मारायला लागला, आणि पहिला ठसा त्याला विल्योने दाखवला होता. आता लेकीचा हात धरून तो आला, काठीने चाचपत मान्सिक्कीच्या मागे उभा राहिला.

"काउको आहेस का?"

"आहे."

काउकोला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यातच त्याने, मोकळं तरी वाटेल. पण विल्योने टोपी काढली.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "मीच तुला नीट शिकवलं नाही. त्या वेळी घाई केली मी. माझं चुकलं."

आणि लेकीच्या हाताला धरून तिच्या गाडीकडे चालायला लागला.

सांगा आता! खिडकी बंद व्हायला जेमतेम काही मिनिटं उरलेली. मार्केट्टाने सुया गुंडाळायला घेतल्या होत्या. काउकोने नुसतं उभं राहायचं होतं. झाड होऊन उभं राहायचं होतं, बाकी काही नाही. उद्या विल्योच्या घरी जाऊन सगळं सांगता आलं असतं. पण म्हातारा वाकून चालला होता, सकाळी वाकून आला नव्हता, आणि काउकोला पुढचं काही दिसेना.

"थांबव त्याला!" तो विल्योच्या लेकीवर ओरडला. काउको ओरडला! लोकांनी सॉसेज अर्ध्यात सोडून पाहिलं.

तो पाठीवर झोपून गाडीखाली शिरला, क्लिप खेचून तोडली, फ्लास्क कोटात कोंबला आणि मान्सिक्कीत बसला. खाणीच्या एका अंगाला वर जाणारा रस्ता आहे, पूर्वी ट्रक चढायचे तो. काउको गाडी थेट वर कडेपर्यंत घेऊन गेला, तोंड खाली वळवलं, आणि इंजिन बंद केलं.

ब्रेक सोडला.

मान्सिक्की उतारावरून सुटली. इंजिन नाही, काही नाही. नुसती चाकं फिरताहेत आणि भोपळ्यात दाताला दात लागतोय. खाणीतल्या एकूणएक माणसाला ठाऊक होतं, की आता जर काही बोलणार असेल तर ते डिफरन्शियलच. गाडीचा वेग वाढत गेला. ती कठड्याला लागून, सगळ्यांच्या नाकासमोरून गेली, विल्योच्या पुढ्यातून गेली, पार पलीकडच्या टोकाला जाऊन हळूहळू थांबली.

विल्यो मान तिरकी करून उभा होता.

"खडी वाजली," तो म्हणाला. मग आणखी थोडा वेळ ऐकून, "आणि काही नाही."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लेक म्हणाली, धूळ गेली. विल्यो म्हणाला, धूळ कसली, गप्प बस.

आणि मग झुंबड उडाली.

पहिला सुलो पळाला, हातातला कप तिथेच फेकून. त्याच्या मागे पिनियन आत म्हणणारा, त्याच्या मागे पिनियन बाहेर म्हणणारा, मग सकाळी ॲक्सल परत मागणारा. मार्केट्टाने अर्धवट ओढलेली खिडकी सुलोने कोपर घालून अडवली. रांग सॉसेजच्या ठेल्यापर्यंत गेली आणि तिथून वळली. विल्योने लेकीला विचारलं, की संपलेलं लायसन्स चालतं का.

हिल्का सुपाच्या दोन वाट्या घेऊन परत आली आणि रांग बघून तिला वाटलं, पुढे ताज्या पोळ्या मिळताहेत. ती शेवटच्या माणसामागे उभी राहिली.

"काय आहे पुढे?"

"गाडी," तो माणूस म्हणाला.

"कुणाची?"

त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याची बोबडी वळली. "तुझीच गं."

हिल्काने काउकोकडे पाहिलं. तो पलीकडच्या टोकाला मान्सिक्कीला टेकून उभा होता, कोटातून फ्लास्कचं बूड बाहेर आलेलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की असा तिने लग्नातही पाहिला नव्हता. दोन्ही वाट्यांतलं सूप तिने उभ्याउभ्या पिऊन टाकलं.

चिठ्ठ्या टाकल्या त्या तिच्याच हेल्मेटात. काढणाऱ्याला नाव दिसू नये म्हणून चिठ्ठी काढायला विल्योला बोलावलं. निघाला सुलो. निघायचाच! मान्सिक्कीत बसून तो निघाला तेव्हा काच खाली करून काउकोला म्हणाला, "अरे, तू तर कॉफी आणली होतीस की! खोटारड्या!"

घरी जाताना मागे रिकामा ट्रेलर खडखडत होता. हिल्का गप्प होती. आता गंमत अशी, की बायको रागावून गप्प आहे की नेहमीसारखीच गप्प आहे, हे कळायला काउकोला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिने हेल्मेट माळ्यावर नेऊन ठेवलं तेव्हा त्याची खात्री पटली. चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात सूर लावत होती. काउको अंगणात लाकडं फोडत बसला. त्याला फार वाईट वाटत होतं. विल्योसाठी पुन्हा तेच केलं असतं त्याने, पण म्हणून काही हिल्कासाठी वाईट वाटायचं थांबत नव्हतं.

हिल्का मात्र रोज पत्रं वाटत होती. आणि रोज काही ना काही होत होतं. जी माणसं पेटीतून पत्र काढायला पडद्याआडून ती जाण्याची वाट बघायची, ती फाटकात येऊन उभी राहू लागली. एक जण म्हणाला, "मी होतो रविवारी." दुसरी म्हणाली, "नवरा चार दिवस तेच सांगतोय. खडी वाजली, म्हणतो." त्या टोकाच्या घरचा म्हातारा, ज्याने हिल्काला कधी रामराम केला नव्हता, तो गाडीच्या खिडकीशी आला, तोंड उघडलं, मिटलं, आणि तिच्या हातात सहा अंडी ठेवून गेला. हिल्का अंडी घेऊन घरी आली आणि ती टेबलावर ठेवून नुसतीच त्यांच्याकडे बघत बसली.

शुक्रवारी संध्याकाळी सुलो आला. दारातच घुटमळला, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. आत आला, बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"परवा शर्यत आहे," तो म्हणाला. "नदीपलीकडच्या मैदानावर."

"हं," काउको म्हणाला.

"मी उतरलो तर जिंकेन. जिंकलो तर नेतील ती." सुलोने गुडघ्यावरची टोपी उचलली आणि परत ठेवली. "काउको, मी बायकोला तीत बसवून चर्चपर्यंत फिरायला नेलं. इंजिन बंद करून टेकडीवरून खाली आलो दोघं. तिने माझा हात धरला रे! ती मी कुणाला देणार नाही." तो पुढे झुकला. "तू तिला हंबरायला कसं लावलंस? तेवढं सांग. काय मागशील ते देतो. खडी देतो, दोन ट्रक."

काउकोने तोंड उघडलं. तो काय सांगणार होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण सिंकशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या हिल्काने त्याच्याआधी उत्तर दिलं.

"नाही सांगणार."

"अगं, पण का? तुम्हाला आता त्याचा काय उपयोग?"

हिल्काने हात पुसले आणि वळली.

"पुढच्या गाडीला लागेल," ती म्हणाली.